पाळी सुटल्यावरचा संगणक

सूरजागडच्या डोंगरातील लोहखनिज गेली काही वर्षे ट्रकांतून वाहून नेले जात आहे. एटापल्ली, आलापल्ली, आष्टी या मार्गावरील गावांनी या ट्रकांची धूळ खाल्ली, रस्ते उखडलेले पाहिले आणि अपघातांत माणसेही गमावली. त्याविरुद्ध मोर्चे निघाले, रास्ता रोको झाले. २०२५ च्या जुलै महिन्यात हेडरी ते कोनसरी अशा सुमारे ८५ किलोमीटर लांबीच्या पाईपलाईनचे उद्घाटन मुख्यमंत्र्यांच्या हस्ते झाले. खनिज दळून त्याचा पाण्याशी कालविलेला लगदा आता नळातून थेट कारखान्यापर्यंत न्यावयाचा आहे. रस्त्यावरचे ट्रक कमी होतील. ते कमी झाले म्हणून आलापल्लीच्या बाजारात कोणी अश्रू ढाळील असे नाही.

परंतु ट्रकाला चालक असतो, क्लीनर असतो, टायर दुरुस्त करणारा असतो. नळाला यांपैकी कोणीच लागत नाही. नळाला लागते ते नियंत्रण कक्षात पडद्यासमोर बसलेले, दाब आणि वेग यांचे आकडे वाचणारे माणूस. म्हणजे एक काम जाते आणि दुसरे काम येते, आणि येणारे काम संगणकावरचे असते. जाणाऱ्या कामावर असलेल्या माणसाला येणाऱ्या कामावर जाऊन बसता येणार आहे काय, एवढाच खरा प्रश्न आहे. सूरजागडविषयी इतके लिहिले व बोलले गेले, पण हा प्रश्न विचारल्याचे क्वचितच दिसते.

विचारला गेलाच तर त्याचे उत्तर तयार असते. "संगणक शिका." हे उत्तर जिल्ह्याचे अधिकारी देतात, कंपनीचे व्यवस्थापक देतात, शहरातून आलेले पाहुणे देतात आणि आपल्यातील काही कार्यकर्तेही देतात. सल्ला वाईट नाही. परंतु तो केव्हा शिकावयाचा, हे कोणीच सांगत नाही. आठ तासांची पाळी. पाळीच्या आधी आणि नंतर गावापासून खाणीपर्यंतचे येणेजाणे. पाळ्या फिरत्या असल्यामुळे एका आठवड्यात दिवसा झोप, दुसऱ्या आठवड्यात रात्री. घरी धानाची शेती, उन्हाळ्यात मोह वेचणे आणि त्यापाठोपाठ तेंदूपत्त्याचा हंगाम, ज्याच्या मजुरीवर अजूनही अनेक घरांचे वर्ष उभे असते. या सर्वांतून उरतो तो वेळ झोपेचा. म्हणजे "संगणक शिका" या सल्ल्याचा व्यवहारातील अर्थ "झोप विकून शिका" असाच होतो.

स्त्रियांच्या बाबतीत तर तेवढेही उरत नाही. खाणीतील अवजड डंपर चालविण्याचे प्रशिक्षण स्थानिक आदिवासी स्त्रियांना देण्यात आले, त्या ते काम करीतही आहेत, आणि त्याची छायाचित्रे सर्वत्र कौतुकाने छापली गेली. कौतुक रास्तच आहे. पण डंपरावरून उतरलेल्या त्या स्त्रीला घरी पाणी, सरपण, स्वयंपाक आणि लेकरे यांची दुसरी पाळी करावी लागते, तिचे छायाचित्र कोणी काढीत नाही. तिने संगणकाचा वर्ग गाठावयाचा तो तिसऱ्या पाळीत.

नोकरी करता करता संगणकाच्या कामाकडे वळणे अशक्य आहे काय? मुळीच नाही. या देशात एका मोठ्या कामगारवर्गाने ते करून दाखविले आहे, आणि त्याचा इतिहास आपल्याच चळवळीचा इतिहास असूनही आपण तो विसरलो आहोत. १९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळात संगणक आणण्याचे घाटले तेव्हा कलकत्त्याच्या कर्मचाऱ्यांनी इलाको हाऊसवर रात्रंदिवस पहारा ठेवून यंत्र आत येऊ दिले नव्हते. स्वयंचलनाच्या प्रश्नावर सरकारला प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली, आणि तिचा अहवाल १९७२ साली आला. पुढे बँकांची पाळी आली. १९८३ च्या सप्टेंबरमध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या संघटना आणि इंडियन बँक्स असोसिएशन यांच्यात करार झाला. यंत्र येईल, परंतु कोणाची नोकरी जाणार नाही. यंत्रावर बसणारी माणसे विद्यमान कारकुनांतूनच निवडली जातील आणि त्यांना वेगळा भत्ता मिळेल, असे त्या समझोत्याचे मर्म होते. पुढील दशकभरात असे आणखी करार झाले.

त्या काळी या संघटनांची "प्रगतीचे शत्रू" म्हणून यथेच्छ टिंगल झाली. आजही होते. संघटनांच्या विरोधात काही अंधपणा होता हेही मान्य करावयास हरकत नाही. यंत्र थोपवून धरता येते ही समजूत चुकीची होती. पण त्या विरोधातून जे निष्पन्न झाले त्याकडे टिंगल करणारे पाहत नाहीत. खातेवह्यांवर बोरू झिजविणारा कारकून नोकरीत राहूनच संगणकावर बसला. त्याने रात्रीचा क्लास लावला नाही, घरचे दागिने गहाण ठेवून फी भरली नाही. बँकेने त्याला बँकेच्या खर्चाने आणि बँकेच्या वेळात शिकविले. त्यामागे व्यवस्थापनाची उदारता नव्हती. संघटना होती.

याच्या शेजारी आपल्या राज्यातील दुसरे उदाहरण ठेवावे. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि एम.एस.-सी.आय.टी. हा अभ्यासक्रम गावोगावी पोहोचला. संगणकाची प्राथमिक ओळख तालुक्याच्या ठिकाणी करून देण्याचे मोठे काम त्याने केले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांवर संगणक अर्हतेची सक्ती केली ती कशी? मुदत ठरवून. २००७ च्या अखेरीपर्यंत परीक्षा उत्तीर्ण न झालेल्यांच्या वेतनवाढी रोखण्याचे आणि दिलेल्या वाढी वसूल करण्याचे प्रकरण पुढे वर्षानुवर्षे चालले. दुर्गम भागातील शाळेवर एकटा असलेला शिक्षक आणि मंत्रालयातील लिपिक यांना एकच मुदत लागू झाली. एकाच्या कार्यालयाखाली प्रशिक्षण केंद्रे होती, तर दुसऱ्याच्या गावात वीज टिकत नव्हती.

बँकेतील कारकुनाला कामाच्या वेळात शिकविले गेले, शिक्षकाला स्वतःच्या वेळात शिकण्याचा हुकूम झाला, आणि सूरजागडच्या कंत्राटी मजुराला तर केवळ सल्ला मिळतो. तीन पिढ्यांत शिकण्याची जबाबदारी मालकाच्या खांद्यावरून मजुराच्या खांद्यावर कशी सरकत गेली, हे यावरून ध्यानात यावे.

मुक्त विद्यापीठाचा मार्ग आहेच, असे कोणी म्हणेल. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ साली नेमक्या याच वर्गासाठी स्थापन झाले आणि संगणकाचे अभ्यासक्रमही चालविते. केंद्र सरकारच्या 'स्वयम्' या व्यवस्थेवर मोठमोठ्या तंत्रशिक्षण संस्थांतील प्राध्यापकांची व्याख्याने विनामूल्य ऐकता येतात. ही साधने मोलाची आहेत. त्यांनी अंतराचा प्रश्न सोडविला, काही अंशी पैशाचाही सोडविला. वेळेचा प्रश्न मात्र कोणतेही विद्यापीठ सोडवू शकत नाही. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली पुण्यात शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली ती दिवसाचा वेळ मालकाचा होता म्हणून. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुटी मिळाली ती १८९० मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या दीर्घ लढ्यानंतर. कामगाराला स्वतःचा म्हणून जो वेळ मिळाला तो त्याने भांडूनच मिळविलेला आहे, एकेकट्याच्या चिकाटीने त्याचा एक तासही वाढलेला नाही.

आणि आता हाच वेळ पुन्हा आकसू लागला आहे. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातील कामाची दैनिक मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत, तर दुकाने व आस्थापनांतील मर्यादा नवावरून दहा तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. आठवड्याची मर्यादा कायम आहे, जादा तासांना कामगाराची लेखी संमती लागेल, असे सांगण्यात आले. खाण केंद्राच्या कायद्याखाली येते, हे खरे. पण कोनसरीचा कारखाना राज्याच्या कायद्याखाली येतो. आणि लेखी संमतीविषयी काय सांगावे! गावातील वीस मुले बाहेर रांगेत उभी असताना आत असलेला एकविसावा मुलगा कोणत्या कागदावर सही नाकारील?

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी अंमलात आलेल्या चार श्रमसंहितांत पुनर्कौशल्य निधीची तरतूद आहे. ती वाचण्याजोगी आहे. कामगाराला कपातीत काढून टाकल्यावर मालकाने त्याच्या पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम या निधीत भरावयाची आणि ती त्या कामगाराच्या खात्यात जमा व्हावयाची. म्हणजे नवे कौशल्य शिकण्याची वेळ केव्हा? नोकरी गेल्यावर. आणि साधन किती? पंधरा दिवसांचा पगार. घर चालविण्यात तो आठवडाभरात संपतो. बुडणाऱ्याच्या हाती पोहण्याचे पुस्तक द्यावे, तशातला हा प्रकार. शिवाय कपातीसाठी सरकारी परवानगी घेण्याचे बंधन पूर्वी शंभर कामगारांच्या आस्थापनेला होते, ते आता तीनशेवर नेले आहे. कंत्राटदारांत वाटलेल्या कामगारांची मोजणी कशी होते, हे कार्यकर्त्यांना सांगण्याची गरज नाही.

खाण हे संगणकाचे क्षेत्र नव्हे, खाणीतला मुलगा संगणकाकडे वळणार म्हणजे खाण सोडून पुण्याला जाणार, असा एक समज आहे. तो दूर केला पाहिजे. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेस पिलबारा नावाचा लोहखनिजाचा प्रदेश आहे. तेथे रिओ टिंटो कंपनीने २००८ पासून चालकाविना धावणारे डंपर आणण्यास आरंभ केला, आणि आता त्या खाणींवर सुमारे पंधराशे किलोमीटर दूर असलेल्या पर्थ शहरातील कक्षातून देखरेख ठेवली जाते. खनिज पिलबाराचे, खुर्ची पर्थची. सूरजागडच्या डंपरांवरून माणूस उद्याच उतरेल असे नाही. येथे माणूस अजून स्वस्त आहे. पण दिशा हीच आहे, आणि पाईपलाईन हे तिचे पहिले पाऊल होय. उत्खननाची क्षमता वर्षाला तीस लाख टनांवरून एक कोटी टनांवर नेण्यास २०२३ मध्ये परवानगी मिळाली आणि नंतर ती आणखी वाढविण्याचे ठरले. टनांच्या प्रमाणात माणसे वाढतील, असे मात्र कोणीही समजू नये. वाढतील ती यंत्रे आणि त्यांवरील पडदे. त्या पडद्यांसमोर एटापल्लीचे कोणी बसेल की सारे नागपूर-रायपूरहून येतील, हे येत्या चार-पाच वर्षांत ठरणार आहे.

पुण्याच्या मृगजळाविषयीही चार शब्द. हिंजवडीच्या काचेच्या इमारतींत जाणे हीच मुक्ती, असे खाजगी क्लासवाले सांगतात. मोठ्या संगणक कंपन्यांनी नवशिक्या अभियंत्याला देऊ केलेला वर्षाचा पगार दशकाहून अधिक काळ साडेतीन लाखांच्या आसपासच घोटाळला आहे. २०२५ च्या जुलैमध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या सर्वांत मोठ्या कंपनीने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून अधिक कर्मचारी कमी करण्याची घोषणा केली. जे प्राथमिक काम शिकून मुले या व्यवसायात शिरत, तेच काम कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे करू लागली आहेत. अशा वेळी रात्री जागून सहा महिन्यांचा क्लास केलेल्या सूरजागडच्या तरुणाला त्या दाराशी उभे करणे ही त्याची फसवणूकच आहे. म्हणून हातची नोकरी न सोडता, तिच्याच आधाराने आणि शक्य तर तिच्याच क्षेत्रात संगणकाकडे वळणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो. आणि तोच मार्ग वेळेअभावी बंद आहे.

येथे भाषेचाही अडसर आहे. माडिया मूल घरी माडिया बोलते, शाळेत मराठी शिकते, पुढे इंग्रजीशी झुंजते. संगणकाची भाषा त्याची चौथी. गोंडीच्या दोन लिप्यांना २०१७ व २०१८ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले; पण गोंडी वा माडिया भाषेतून संगणक शिकविणारा वर्ग कोठे आहे? शहरातील मुलाला जो अभ्यासक्रम तीन महिन्यांत आटोपतो त्यास येथे सहा महिने द्यावे लागतील, आणि त्यात मुलाच्या बुद्धीचा काही दोष नाही.

आपल्याच मित्रांकडून एक आक्षेप येईल आणि तो टाळता येणार नाही. सूरजागडच्या खाणीला परिसरातील ग्रामसभांनी विरोध केला आहे. तो डोंगर ठाकुरदेवाचा आहे, दर जानेवारीला तेथे यात्रा भरते, सत्तर गावांचा पारंपरिक इलाका त्याला आपले दैवत मानतो. ३४८ हेक्टरांचा पट्टा २००७ मध्ये दिला गेला तेव्हा या ग्रामसभांचे ऐकले गेले नाही. असे असता खाणीतील कामगाराच्या शिक्षणाची मागणी करणे म्हणजे खाणीला मान्यता देणे नव्हे काय? नव्हे. ग्रामसभेचा हक्क आणि कामगाराचा हक्क हे एकाच घरातील दोन भावांचे हक्क आहेत. कित्येकदा खरोखरच एक भाऊ मोर्चात असतो आणि दुसरा पाळीवर. पाळीवरच्याला गद्दार ठरवून मोर्चा बळकट होत नाही. उलट खाणीबाहेर जाण्याचे कौशल्य ज्याच्या हाती आहे तोच खाणीविषयी मोकळेपणाने बोलू शकतो. ज्याचे सारे पोट एकाच फाटकात अडकले आहे त्याच्या तोंडाला आपोआप कुलूप लागते.

त्या कौशल्याला गावातही काम आहे. गडचिरोलीत हजाराहून अधिक गावांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत. २००९ मध्ये मेंढा-लेखाने वाट दाखविली, आणि आज अनेक ग्रामसभा तेंदू व बांबूचा व्यवहार स्वतः करतात. त्यांना निविदा काढावी लागते, मजुरीचा हिशेब ठेवावा लागतो, वनाचा नकाशा करावा लागतो, लेखापरीक्षणाला तोंड द्यावे लागते. यासाठी त्या बहुधा तालुक्याच्या एखाद्या केंद्रावर किंवा संस्थेच्या कार्यकर्त्यावर अवलंबून असतात, आणि कधीकधी ज्या व्यापाऱ्याशी सौदा करावयाचा त्याच्याच माणसाकडून कागद तयार होतात! नकाशा व हिशेब करणारा गावचाच माणूस असेल तर ग्रामसभेचे बळ कितीतरी वाढेल. खाणीच्या नियंत्रण कक्षासाठी शिकलेला तरुण उद्या ग्रामसभेचा हिशेबनीसही होऊ शकतो.

मग पैसा कोठून आणावयाचा? पैसा आहे. २०१५ च्या दुरुस्तीने खनिज कायद्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले. सूरजागडसारख्या जुन्या पट्ट्यांना स्वामित्वधनाच्या तीस टक्के इतकी रक्कम त्यात भरावी लागते, आणि तिचा मोठा वाटा पाणी, आरोग्य, शिक्षण व कौशल्यविकास यांवर खर्च करण्याचे बंधन आहे. हा निधी इमारतींवर खर्च होतो, संगणक खरेदीवर होतो. धूळ खात पडलेले संगणक कोणत्या शाळेत पाहावयास मिळत नाहीत? शिकणाऱ्या मजुराच्या बुडालेल्या तासांची भरपाई या निधीतून करावी, ही कल्पना अद्याप कोणाला सुचलेली दिसत नाही.

ही कल्पना जगावेगळीही नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९७४ सालीच सवेतन शैक्षणिक रजेचा करार संमत केला. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. जर्मनीतील बहुतेक राज्यांत कामगाराला दरवर्षी पाच दिवसांची सवेतन शैक्षणिक रजा मिळते. आपल्याकडे तर कामगार शिक्षणाचे केंद्रीय मंडळ १९५८ पासून आहे आणि आता त्याला दत्तोपंत ठेंगडी यांचे नाव आहे. नाव कोणाचेही असो. एटापल्लीला वर्ग नेण्यास हे मंडळ समर्थ ठरते की नाही, हे पाहावयाचे आहे.

१ जानेवारी २०२५ रोजी कोनसरी येथे मुख्यमंत्र्यांच्या हस्ते कामगारांना कंपनीच्या समभागांची प्रमाणपत्रे देण्यात आली. कामगार मालक झाला, असे भाषणांत म्हटले गेले. मालकीचा हा वाटा केवढा, हा वाद तूर्त बाजूला ठेवू. ज्या कंपनीला आपल्या भांडवलातील हिस्सा देणे परवडते, तिला आपल्या वेळेतील हिस्सा देणे अवघड जाऊ नये. आठवड्याच्या अट्ठेचाळीस तासांतील चार तास, पगार न कापता, कंत्राटी कामगारांसह सर्वांना, पाळीच्या आतच आणि खाणीच्या आवारातच शिकण्यासाठी मिळावेत; स्त्रियांच्या वर्गाशेजारी पाळणाघर असावे; शिकविणारा माडिया जाणणारा असावा; आणि नियंत्रण कक्षातील प्रत्येक रिकाम्या जागेवर आधी या वर्गातून उत्तीर्ण झालेल्याचा हक्क राहावा. बँकांच्या कारकुनांनी १९८३ मध्ये याहून फारसे वेगळे काही मागितले नव्हते.

गडचिरोलीचे पालकमंत्रिपद २०२५ च्या जानेवारीत मुख्यमंत्र्यांनी स्वतःकडे घेतले. म्हणजे कारखान्यातील तास वाढविण्याचा निर्णय ज्या मंत्रिमंडळाने घेतला त्याचे प्रमुख आणि या जिल्ह्याचे पालक एकच आहेत. जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी निवेदन कोणाकडे न्यावयाचे, हा प्रश्न त्यामुळे सोपा झाला आहे. निवेदनावर सह्या मात्र पाळी सुटण्याच्या वेळी, हेडरीच्या फाटकावर घ्याव्या लागतील, आणि त्या घेताना ग्रामसभेची माणसे सोबत असली पाहिजेत.